धरणारे जास्त झाले तेव्हा

लातूरच्या एका कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवते. गेल्या हिवाळ्यात बी.एस्सी.च्या वर्गाला स्कॅफोल्ड प्रथिनं शिकवत होते. पेशीत निरोप एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे जातो. स्कॅफोल्ड प्रथिनाचं मुख्य काम म्हणजे निरोप नेणाऱ्या या तिघांना जवळ धरून ठेवायचं.

शिरूर अनंतपाळहून एसटीनं येणारी एक मुलगी उठली. वर्षभरात तिचा आवाज मी ऐकला नव्हता.

"मॅडम, धरणारे लई झाले तर काम अजून लवकर होईल का?"

"होणारच की," मी ठोकून दिलं.

ती काही बसेना. "करून बघायचं का?"

आम्ही सगळे मैदानात गेलो. नऊ जणांच्या मनगटाला फिती बांधल्या: तीन लाल, तीन पिवळ्या, तीन हिरव्या. चिठ्ठी लालकडून पिवळ्याकडे, मग हिरव्याकडे जायची. धरणारीनं प्रत्येक रंगाचा एकेकच धरायचा आणि धरलेल्यानं दुसरीकडे जायचं नाही, असं ठरलं. आधी तीन मुली धरायला उभ्या केल्या. तिघींनाही तिन्ही रंग सापडले आणि चिठ्ठ्या झटक्यात पोचल्या. मी खूश!

मग धरणाऱ्या नऊ केल्या. नुसती पळापळ. कुणाच्या हाती एकटा लाल, एकाच हिरव्याला दोघींनी धरलेलं आणि त्यावरून भांडण. एकही चिठ्ठी पोचेना.

"मॅडम, निरोप अडकून राहिला की!" ती मुलगी ओरडली आणि वर्ग हसत सुटला. मीही हसले, पण कान गरम झाले होते.

घरी येऊन पुस्तकं काढली. पेशीतही नेमकं हेच होतं. स्कॅफोल्ड प्रथिन फार वाढलं की निरोप मंदावतो. मी ते कधीतरी वाचलं होतं आणि विसरले होते. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, "काल मी चुकीचं उत्तर दिलं. हिचा प्रश्न बरोबर होता." मग कर्करोगात या प्रथिनांचं प्रमाण कसं बिघडू शकतं, मेंदूतल्या पेशींच्या जोडांवरचं असं एक प्रथिन बिघडलं तर मुलांच्या बोलण्या-शिकण्यावर कसा परिणाम होतो, तेही शिकवलं. एरवी मागच्या बाकांवर डुलक्या घेणारेही लिहून घेत होते.

शनिवारी ती स्टाफरूममध्ये आली. हातात शेतातल्या हरभऱ्याचे ढाळे, वहीत चार नवे प्रश्न. ढाळे सोलत बसलो. दोन प्रश्नांची उत्तरं मला आली. उरलेल्या दोन्हींसाठी आम्ही लायब्ररीत गेलो.