शेवटचं प्यादं मारलं नाही

बायको गेली त्याला चौथा महिना. मुलगी राहात्याला दिलीय, ती मला पारनेरहून तिकडं घेऊन गेली आणि न विचारता बुद्धिबळाच्या स्पर्धेत माझं नाव घातलं. "भिंतीकडं बघत बसता, त्यापरीस तिथं बसा," म्हणाली.

चाळीस वर्षं मी एकाच माणसाशी खेळलो, बायकोशी. हरली की म्हणायची, "मला अडाणीला हरवून मिशीला काय ताव देताय? एखादा शिकलेला हरवा, मग मानीन." ते राहूनच गेलं. स्पर्धेच्या मंगल कार्यालयात बसलो तेव्हा डोक्यात एवढंच होतं, एक तरी शिकलेला पाडायचा.

समोर बँकेतला साहेब आला. त्याला मोठं रेटिंग, माझ्या नावापुढं नुसती रेघ. माझ्याकडं न बघता भराभर खेळला आणि तिथंच फसला. शेवटी त्याच्याकडं राजा आणि एक प्यादं, माझ्याकडं राजा आणि हत्ती. प्यादं हत्तीच्या तोंडात होतं. मी मारलं नाही. आमच्यात समोरचा राजा एकटा उरला की बुर्जी, म्हणजे डाव बरोबरीत. म्हणून बायकोचं शेवटचं प्यादं मी कधी मारलं नाही. दया नव्हती, जिंकायचं असायचं. इथंही प्यादं ठेवून राजाला कोंडायला गेलो. प्यादं सरकत सरकत शेवटच्या घरात पोचलं, त्याचा वजीर झाला, तो मारताना हत्ती गेला. दोन राजे उरले, डाव बरोबरीत.

एवढ्या रेटिंगवाल्याला अडवला म्हणून लोकांनी पाठीवर थापा मारल्या. साहेब हळूच म्हणाला, "बाबा, प्यादं फुकट होतं. मारलं का नाही?"

"बुर्जी झाली असती ना."

"म्हणजे?"

सांगितलं. त्याला हसू आलं, मग त्यानं आवरलं. "तो नियम आता नाही हो. मारलं असतं तर तुम्हीच जिंकला असता."

"पोरीनं बाकी समदे नवे नियम शिकवले. ह्ये कुनी सांगितलं न्हाई."

निकालाच्या कागदावर सही केली. मुलगी पेढे घेऊन आली. "आण्णा, आईला केवढा आनंद झाला असता!"

"कशाचा? तिनं मानलं नसतं. त्यो हरला कुठं?"

"बरं, चला घरी. दमलात तुमी."

"फेऱ्या किती राहिल्यात?"

"चार."

"थांब मग."

चारही हरलो. तिसरीला तर खेळता खेळता डोळाच लागला.