नायिकेच्या आतल्या अक्का

अक्का पडायच्या फार सुंदर. तोंडावर, पाठीवर, कुशीवर, टेबलावरून, पायऱ्यांवरून, सांगाल तसं. आपल्या तोंडून "अरे अरे" निघेपर्यंत त्या उठून उभ्याही राहिलेल्या असत आणि अंगावर नसलेला पदर खांद्यावर सारखा करत. वय पन्नाशीला टेकलेलं, अंग भरलेलं, पावलं रुंद. बेंगळुरूच्या महादेवपुऱ्यात आमचा व्हिडिओ गेम बनवणारा स्टुडिओ आहे, तिथे त्या दर शनिवारी पडायला यायच्या. एरवी बसवनगुडीतल्या एका शाळेत मुलींना खेळ शिकवायच्या. ऐन उमेदीत त्या खो-खो खेळलेल्या होत्या आणि ते त्यांच्या उभं राहण्यातच दिसायचं.

"आधी पडायला शिकायचं," त्या म्हणायच्या. "पडायला भितो त्याला पळायला कुठून येणार?"

काम असं होतं. अंगाला घट्ट बसणारा काळा पोशाख घालायचा, त्यावर सांध्यासांध्याला चमकणाऱ्या गोळ्या चिकटवायच्या आणि चारी भिंतींवर कॅमेरे लावलेल्या मोकळ्या खोलीत पळायचं, उडी मारायची, तलवार म्हणून काठी फिरवायची. कॅमेऱ्यांना माणूस दिसत नाही, फक्त गोळ्या दिसतात. गोळ्यांची ती हालचाल उचलून आम्ही गेममधल्या नायिकेच्या अंगात घालायचो. आमच्या स्टुडिओतून सहा वर्षांत जेवढ्या म्हणून राजकन्या, योद्ध्या आणि जंगलकन्या बाहेर पडल्या, त्या सगळ्यांच्या आत अक्का होत्या. नाव मात्र कुठे नव्हतं. शेवटी जी नावांची लांबलचक यादी सरकते, तिच्यात कँटीनवाल्याचंही नाव असायचं, अक्कांचं नसायचं. मी एकदा ही गोष्ट वरच्यांपाशी काढली होती. एकदाच काढली, हेही सांगायला हवं.

त्या पोशाखात बसायची सोय नव्हती. खुर्चीला पाठ टेकली की गोळ्या निघायच्या आणि मग पुन्हा सगळं जुळवत बसा. म्हणून अक्का उभ्यानंच जेवायच्या. दुपारी बाकीचे समोरच्या फूड कोर्टात जात. त्या वेषात अक्का जाणार कुठे? पहिल्या शनिवारी मला फोनवर आईशी बोलताना त्यांनी ऐकलं आणि चित्रान्नाचा, म्हणजे लिंबू पिळलेल्या भाताचा, डबा पुढे केला. "मराठी होय तू? मग घे की स्वल्प." तेव्हापासून आम्ही दोघं खिडकीपाशी उभ्यानं जेवायला लागलो. मी साताऱ्याचा. बेंगळुरूला येऊन वर्ष झालं होतं, कामावर हिंदी-इंग्रजी, खोलीवर जोडीदार तमिळ, त्यामुळे माझं आठवड्याचं सगळं मराठी त्या अर्ध्या तासात उरकायचं. त्यांचंही तसंच होतं. त्यांचं मराठी घराणं इथे कितीतरी पिढ्यांचं, पण आईवडील गेले, बहीण लग्न होऊन धारवाडला गेली, आणि दोन खोल्यांत त्या एकट्या उरल्या.

"मग घरी मराठी कुणाशी बोलता?" मी विचारलं होतं.

"देवाशी. तो उत्तर देत नाही, म्हणून चुकाही काढत नाही." आणि मग माझ्या डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीकडे बघून, "ही वाढ की इकडे, तम्मा." तम्मा म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ. मला सख्खी बहीण नाही. त्या हाकेची मला चटक लागली होती.

अक्कांना प्रश्न फार पडायचे आणि ते त्या मोठ्यानं विचारायच्या. आमच्या सगळ्यात मोठ्या गेमची नायिका भैरवी. भिंतीवर तिचं चित्र लावलेलं होतं: केस कमरेपर्यंत मोकळे, पायात उंच टाचांचे बूट, छातीवर चिलखत आणि पोट उघडं. अक्का चित्रापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या.

"हिला पोटात बाण लागत नाही काय?"

"स्टाइल है, मॅम," आमचे डायरेक्टर हसून म्हणाले.

"तो जो बाण मारता है, उसको मालूम है क्या स्टाइल?" अक्कांचं हिंदी असंच रांगडं होतं. खोलीत हशा पिकला. डायरेक्टरही हसले, पण चित्र होतं तसंच राहिलं. मोकळ्या केसांवर तर अक्कांचा फारच राग. मैदानावर केस सोडून आलेल्या पोरीला त्या आधी रबर देतात आणि मग खो देतात, हे त्यांनी आम्हाला दोनदा ऐकवलं.

एकदा डायरेक्टरांनी त्यांना सांगितलं की भैरवी पळताना जरा बाईसारखी वाटू दे. अक्कांना कळेना. तेव्हा आमच्यातल्या एकानं कंबर हलवून चालून दाखवलं. अक्कांनी ते सगळं गंभीरपणे बघून घेतलं आणि म्हणाल्या, "मी पळीन, नाहीतर मुरडीन. दोन्ही एका वेळी करायला गेले तर पडीन. पडू काय?" आणि खरोखर पळत येऊन, कंबर हलवून, धाडकन पडून दाखवलं. हसून हसून आमची मुरकुंडी वळली.

हसणं ओसरल्यावर डायरेक्टर म्हणाले, "ठीक है, वो निखिल क्लीन-अप में कर देगा."

निखिल म्हणजे मी. क्लीन-अप म्हणजे माझं पोट. कॅमेऱ्यांनी टिपलेली हालचाल कधी थरथरते, एखादी गोळी हरवते, हात मांडीतून आरपार जातो, ते सगळं पुसून साफ करायचं. हे झालं कागदावरचं काम. प्रत्यक्षात मी अक्कांना पुसायचो. त्यांची पावलं रुंद पडत, ती मी एका रेषेत आणायचो. एका जुन्या सामन्यात त्यांचा उजवा गुडघा गेला होता, त्यामुळे तो पाय किंचित उशिरा पडे. तो उशीर मी काढून टाकायचो. जमिनीवरून उठताना त्या मांडीवर हात टेकून एक श्वास घेत. तो हात उचलायचो, तो श्वास कापायचो. आणि शेवटी कमरेला एक तयार झोका लावायचो. त्या झोक्याची फाइल माझीच, ती मी आल्या आल्या बनवली होती आणि ती सगळ्या नायिकांना चालायची. निखिलच्या हाताखालून गेली की नायिका पाण्यासारखी वाहते, असं म्हणत लोक. मला ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

अक्कांना यातलं काही माहीत नव्हतं. गेम बाजारात येईपर्यंत आतलं काही कुणाला दाखवायचं नाही, अशा कागदावर सगळ्यांच्या सह्या होत्या, आणि त्यांच्याकडे गेम चालेल असा कॉम्प्युटर नव्हता. त्या फक्त विचारायच्या. भात कालवता कालवता, माझ्याकडे न बघता, "माझं राहतं ना रे त्यात?"

"सगळं तुमचंच आहे की, अक्का," मी म्हणायचो. त्यांची 'की' मलाही लागली होती.

त्यांना एवढं कशासाठी हवं होतं, तेही मला माहीत होतं. शाळेतल्या त्यांच्या खो-खोच्या बारा मुली. आठवीत गेल्या नाहीत तोच एकेकीचा खेळ घरचे बंद करत होते. मुलीच्या जातीनं मैदानात पाय आपटत फिरू नये, पोटऱ्या जाड होतात, असं काहीबाही घरून ऐकून त्या यायच्या. अक्कांना त्यांना भैरवी दाखवायची होती. "एवढी शूर बाई कशी पळते बघा म्हणेन. पोटऱ्या बघा म्हणेन. मग सांगेन, ही मीच."

भैरवी बाजारात आली. पुढच्याच आठवड्यात अक्कांनी मला शाळेत बोलावलं. कॉम्प्युटरच्या खोलीत मी माझा लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडला. मुली बाकांवर दाटीवाटीनं बसल्या. अक्कांनी त्या दिवशी इस्त्रीची साडी नेसलेली होती आणि केसांत फूल होतं. आधी कधी मी पाहिलं नव्हतं.

भैरवी पळाली. डोंगर चढली, कडा उतरली, चारजणांना लोळवलं. घाम नाही, धाप नाही. मुली डोळे विस्फारून बघत होत्या. मग पुढच्या बाकावरची एक उंच मुलगी मागे वळून म्हणाली, "टीचर, नीवु एल्ली?"

तुम्ही कुठे? एवढं कन्नड मला येत होतं.

अक्कांनी खुर्ची ओढून पडद्याजवळ नेली. "परत पळव रे तिला," मला म्हणाल्या. मी पळवली. "अजून एकदा." पुन्हा पळवली. तिसऱ्या वेळी त्या पडद्याकडे बघत नव्हत्या. स्वतःच्या पायांकडे बघत होत्या. मी की-बोर्डवरून नजर वर उचलली नाही. तेव्हाच सांगायला हवं होतं, मुलींसमोर, मोडक्या हिंदीत का होईना, की ही तुमची टीचरच होती, मी तिला पुसून काढलं. ते माझ्याच्यानं झालं नाही.

अक्का मुलींना कन्नडमध्ये काहीतरी म्हणाल्या आणि मुली उठून मैदानावर गेल्या. मग मला म्हणाल्या, "छान झालंय. जेवून जातोस?" मी म्हटलं, काम आहे. "सरी, बरं तर," म्हणाल्या आणि वायर गुंडाळायला मला मदत केली.

त्यानंतर त्या स्टुडिओत आल्या नाहीत. गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय असा निरोप आला. डायरेक्टर म्हणाले, चला, नाहीतरी आता तयार चाली विकत मिळतात, नायिकेच्या वेगळ्या. अक्कांना निरोप द्यायला कुणी केक कापला नाही. मी फोन केला नाही. उद्या करू म्हणत म्हणत सगळं तसंच राहिलं, आणि खरं सांगायचं तर त्या येत नाहीत याचं मला सुटल्यासारखं वाटलं. शनिवारी मी फूड कोर्टात जायला लागलो. तिथे खुर्च्या भरपूर, बोलायला कुणी नाही.

दीडेक वर्षानं मला जुन्या रेकॉर्डिंगच्या फाइली काढून टाकायला सांगितलं. मी एकेक उघडून बघत पुसत होतो. एका फाइलमध्ये दोन टेकच्या मधला वेळ चुकून रेकॉर्ड झाला होता. काळा पडदा आणि त्यावर पन्नासेक पांढरे ठिपके. चेहरा नाही, कपडे नाहीत, वय नाही. ठिपके खोलीच्या टोकाहून परत सुरुवातीच्या जागेकडे चालत येत होते, रुंद पावलांनी, उजवीकडचे किंचित मागून. मध्येच थांबले आणि खांद्यावर नसलेला पदर सारखा केला. मी खुर्चीतच बसून राहिलो. हिचा एकेक सांधा मला पाठ होता, आणि ती बसवनगुडीत कुठल्या गल्लीत राहते ते मी सहा वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

ती फाइल मी चोरली. सरळ चोरली म्हणतो. शाळेत गेलो, तर खेळाला नवीन सर. अक्का गेल्याच वर्षी नोकरी सोडून धारवाडला बहिणीकडे राहायला गेल्या होत्या. मैदानाच्या कडेला ती उंच मुलगी आणि आणखी सहाजणी बुटांच्या नाड्या बांधत होत्या. बारातल्या सातच उरल्या होत्या. मी तिथेच पायरीवर लॅपटॉप उघडला आणि काही न सांगता ठिपके लावले. चार पावलं झाली असतील नसतील, सातही जणी एकदम ओरडल्या, "टीचर!"

उंच मुलीनं लगेच फोन काढला. दर रविवारी मुली अक्कांना फोन करतात म्हणे. कन्नडमध्ये भराभर सगळं सांगून झालं, सगळ्यांनी एकेकदा ओरडून घेतलं, आणि मग तिनं फोन माझ्या हातात दिला.

"कोण, तम्मा?" आवाज तोच. "पोरी म्हणतात, तुझ्याकडे मी आहे. नुसते ठिपके, तरी ओळखलं म्हणतात."

"हो, अक्का."

"मग हे तेव्हा का दाखवलं नाहीस?"

मी म्हटलं, "राहून गेलं, अक्का."

पलीकडे कुकरची शिट्टी वाजली.

"त्या दिवशी घरी जाऊन मी आरशापुढे चालून बघितलं रे," अक्का म्हणाल्या. "किती वेळ चालत होते. घरात विचारायला कोण? मला वाटलं, मीच एवढी वर्षं चुकीची चालले."