गोऱ्यांच्या जाळाला खुटबावची बोंब

इंग्लंडमध्ये शिकत असताना मी भर मैदानात, बायकापोरांसमोर, तोंडावर पालथा हात मारून बोंब ठोकली.

नोव्हेंबर होता. घरमालकीणबाई मला त्यांचा सण दाखवायला घेऊन गेल्या होत्या. फार पूर्वी तिथली संसद बंदुकीच्या दारूनं उडवायचा कट फसला, म्हणून ही माणसं दरवर्षी लाकडं रचून पेटवतात, वर कापडाचा पुतळा जाळतात आणि फटाके उडवतात. म्हणजे आपली होळी अन् दिवाळी एकाच संध्याकाळी! एकच खटकलं. एवढा थोरला जाळ, आणि सगळे खिशात हात घालून चिडीचूप. आमच्याकडं बोंब झाल्याशिवाय होळी पेटली असं कुणी धरतच नाही. माझा हात आपसूक तोंडाकडं गेला.

पिवळ्या जाकिटातले दोन स्वयंसेवक धावले. एकानं अंगावर ओली चादरच टाकली. दुसरा म्हणाला, "कुठं भाजलं?"

"भाजलं नाही," मी चादरीतून म्हणालो, "आमच्याकडं असंच करतात."

"तुमच्याकडं म्हणजे कुठं?" बाईंनी विचारलं. चेहरा लालबुंद.

तोवर मी सगळ्यांना 'पुण्याजवळ' सांगायचो. समोरचा अगदीच कोरा असला तर 'मुंबईजवळ'. गावाचं नाव घ्यायची लाज वाटायची. पण आता अब्रू गेलेलीच होती.

"खुटबाव," मी ताठ मानेनं म्हणालो. "तालुका दौंड."

"मग नीट करून दाखव," बाई म्हणाल्या. "मघाशी अर्धीच राहिली."

दाखवली. आधी पोरांनी उचलली, मग बाईंनी हातमोजा काढून, मग पिवळ्या जाकिटांनी. बघता बघता अख्खं मैदान बोंबलायला लागलं. वर बाण फुटतायत, खाली पोरं 'कुटबाव, कुटबाव' करत माझ्याभोवती नाचतायत. जत्रेतली शेवटची कुस्ती मारल्यागत माझी छाती फुगली.

रविवारी गावच्या दूध डेअरीत फोन लावून वडलांना बोलावून घेतलं.

"आप्पा, आपल्या गावाचं नाव हितं पोरापोराच्या तोंडी झालंय!"

आप्पांनी तिथल्या तिथं डेअरीभर ओरडून सांगितलं. मग मला म्हणाले, "कशापायी रं?"

सांगितलं. पलीकडं किटली दाणकन आदळली.

"आन् आता ह्या समद्यांना काय सांगू? शिकाया धाडला, तर गोऱ्यांत जाऊन बोंबलून आला? ठिव फोन!"