बायोडाटावरचा फुकटचा नंबर

मंडळी, दुपारपासून डोळ्याचं पाणी खळत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

गेल्या वर्षी लेकीचा बायोडाटा वधू-वर मेळाव्यात दिला. मुलींच्या नंबरवर नको नको ते फोन येतात, म्हणून ह्यांनी एका अ‍ॅपवरून फुकटचा नंबर घेऊन तोच छापला. तिथे सायखेड्याचा एक मुलगा तिला फार आवडला. "घरी बोलून फोन करतो," मुलाकडचे म्हणाले. फोन आलाच नाही. आम्ही मुलीकडचे, मागे कसं लागायचं? गप्प बसलो.

आज पंचवटीत भाजी घेताना त्याची आई भेटली. "अहो ताई, फोन केला ना आम्ही! कोणी माणूस वसकन ओरडला, परत फोन करू नका म्हणे. आम्हाला वाटलं तुमचा नकार हाय. पोरगा लय नाराज झाला होता. आता लग्न झालं त्याचं."

घरी येऊन पाहिलं. वापर नाही म्हणून अ‍ॅपने तो नंबर कधीच काढून घेतला होता. दुसऱ्या कुणाला दिला असणार.

तुम्ही दिलेला नंबर एकदा लावून बघाल का?

भाजी घेताना लेक माझ्या शेजारीच उभी होती. घरी येताना रिक्षात एवढंच म्हणाली, "आई, म्हणजे त्यांनी फोन केला होता."