खोबऱ्याचा जामीनदार

चाचा राखायचे त्या बागेतून सायकलवर बसून गेलेला माणूस मी पाहिला नाही. फाटकाशी पोचलं की आतून हाक यायची, "उतरा! बुजुर्ग उभे हायेत." बुजुर्ग म्हणजे गाडीवाटेच्या दोन्ही अंगांना उभे असलेले जुने आंबे. वडीलधाऱ्यांसमोरून वाहनावर बसून जायचं नसतं, एवढंच चाचांचं म्हणणं. एकदा पुण्याहून खुद्द मालक मोटारीतून आले, तर त्यांनाही उतरवलं. मालक हसले, पण उतरले. पुढे बाग विकल्याचं सांगायला आले तेव्हा मात्र ते उतरले नाहीत. काच खाली करून दोन वाक्यं बोलले आणि गेले. चार पिढ्यांच्या राखणीला दोन वाक्यं!

ही सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. सावेडी तेव्हा नगरच्या बाहेर होती. मी शाळामास्तर, बागेच्या कुंपणाला लागून भाड्याच्या खोलीत राहत होतो. संध्याकाळी चाचा मला झाडांची ओळख करून द्यायचे. हा शेंदऱ्या, हा शेप्या, ही गोटी, आणि विहिरीजवळचा तो खोबऱ्या. खोबऱ्याचा गर ओल्या नारळासारखा लागायचा म्हणे. म्हणे, कारण मी राहायला आल्यापासून तो फळलाच नव्हता. मी एकदा शहाणपणानं म्हणालो, "चाचा, याची कोय लावा की दुसरीकडे." चाचा माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. "मास्तर, रायवळ हाय ह्यो. कोयीतून झाड येतं, चव येत न्हाई. ह्यो गेला की ही चव दुनियेतून गेली." एवढी साधी गोष्ट आमच्या शिकलेल्या डोक्यांत शेवटपर्यंत शिरली नाही.

न फळणाऱ्या झाडाला रागे भरायची त्यांच्याकडे रीत होती. पौषात, मोहोर धरायच्या आधी, चाचा कोयता घेऊन झाडासमोर उभे राहायचे. खोडावर एक हलका घाव घालून ओरडायचे, "खातोस, पितोस, देत काईच न्हाईस! आज तोडतोच तुला!" मग दुसऱ्या कुणीतरी मध्ये पडायचं आणि म्हणायचं, "नका तोडू, पुढच्या साली देईल. मी जामीन हाय." हे मध्ये पडायचं काम वर्षानुवर्षं चाची करायच्या. चाची गेल्या त्या पौषात चाचा माझ्या दाराशी येऊन उभे राहिले. "एकट्यानं रागावून भागत न्हाई मास्तर. झाडाच्या बाजूनं बोलनारं मानूस पायजेल." मी हसू दाबत गेलो आणि नाटकातल्यासारखं ते वाक्य म्हणून टाकलं. चाचा हसले नाहीत. कोयता पुसत म्हणाले, "जामीन राह्यलात, आता इसरू नका."

त्याच वर्षी आमच्या गृहनिर्माण संस्थेनं बाग घेतली. हो, आमच्या. मी सभासद होतो. स्वतःचं घर कुणाला नको असतं? पण रस्ता झाडांना वळसा घालून नेता आला असता, हे नकाशाकडे बघून शेंबड्या पोरालाही कळलं असतं. वळसा घातला तर दोन प्लॉट कमी होत होते, म्हणून तो घातला नाही. पाऊस दडी मारून बसलेला. दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणाऱ्या बाया त्याच आंब्यांखाली टेकून भाकरी खात होत्या. आणि आम्ही सावलीत खुर्च्या टाकून ती सावली कशी काढायची याचा खल करत होतो.

आंबा तोडायला परवानगी लागे. झाड फळत नाही असं पंचनाम्यात आलं की काम सोपं होतं, हे आमच्या सेक्रेटरींना ठाऊक होतं. अक्षर चांगलं म्हणून लिहायला मला बसवलं. सेक्रेटरींनी खोडांवरच्या जुन्या घावांकडे बोट दाखवलं. "बघा, राखणदारानंच वैतागून कोयते मारलेत. वांझ झाडं आहेत सगळी." चाचा पुढे आले. "साहेब, त्यो घाव न्हाई. लेकराला चापटी मारावी तसं हाय." सगळे हसले. पंचांतला एक मिरजगावकडचा होता. तो हळूच म्हणाला, "आमच्यातबी मारत्यात," आणि सही करून मोकळा झाला. मला तर सगळंच माहीत होतं. तरी मी लिहिलं, वळणदार अक्षरात लिहिलं: 'फळ न देणारी, घाव पडलेली, निरुपयोगी झाडे.' आजही शाळेतलं कुणी माझ्या अक्षराचं कौतुक करायला लागलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

पुढच्या साली माघात ट्रक आला. फाटकात चाचा उभे, "उतरा!" ड्रायव्हरनं भोंगा वाजवला आणि ट्रक तसाच बुजुर्गांमधून आत घातला. आत बघतो तर खोबऱ्या बुडापासून शेंड्यापर्यंत मोहोरलेला. पाण्याचा ताण बसला की आंबा कधी कधी असा मोहोरतो, हे मला नंतर कळलं. कुऱ्हाडवाल्यानं पहिला घाव घातला. चाचा त्याच्याशी भांडले नाहीत. ते माझ्याकडे वळले आणि अगदी साधेपणानं म्हणाले, "मास्तर, आता तुमी बोलायचं."

कुऱ्हाडवाला थांबला होता. हो, तो थांबला होता! मी सेक्रेटरींकडे पाहिलं, मग चपलांकडे. कुऱ्हाड पुन्हा उठली.

झाड पडल्यावर चाचांनी मोहोराची एक डहाळी उचलली आणि माझ्या हातात दिली. "ठेवा. झाडानं तुमचा शब्द राखला." त्याच आठवड्यात ते लेकीकडे निघून गेले. जाताना फाटकापर्यंत पायीच गेले. वाटेत एकही बुजुर्ग उरला नव्हता. पुन्हा भेट झाली नाही.

परवा दोन तरुण मुलं पत्रक घेऊन आली. 'आपला परिसर, आपला वारसा.' इथे म्हणे जुनी आमराई होती, काही आठवणी सांगाल का? कॉलनीच्या पाटीवर 'आम्रकुंज' लिहिलंय आणि आत आंब्याचं एक झाड नाही. अरे, वारसा उभा होता तेव्हा त्याला निरुपयोगी ठरवलं, आता पत्रकं कसली वाटता? मुलं बिचारी घाबरली. त्यांच्यावर कशाला ओरडलो मी? ज्याच्यावर ओरडायला हवं तो माणूस रोज आरशात दिसतो.

अजूनही कॉलनीच्या फाटकाशी मी स्कूटरवरून उतरतो आणि ती ढकलत घरापर्यंत नेतो. नवे शेजारी विचारतात, "सर, पंक्चर का?" मी नुसता हात हलवतो. सांगून काय सांगणार? जे वाक्य बोलायचं होतं, ते त्या दिवशी बोलायचं होतं.