गोरा न केलेला फोटो

सदाशिवअण्णांची आणि माझी ओळख एका टॉवेलामुळे झाली. लग्न होऊन जळगावहून भूगावला आले, तेव्हा पासपोर्टचा फोटो काढायला मी पौडच्या त्यांच्या स्टुडिओत गेले होते. टेबलावर नवाकोरा कॉम्प्युटर, त्यावर टॉवेल आणि टॉवेलावर झेंडूचे फूल! "बिघडलाय का?" मी विचारले.

"बिघडतोय कशाला? चालवणारं माणूस न्हाई," अण्णा म्हणाले. "रोलचं दिवस संपत आलं म्हणून घेतला. आता रोज पूजा करतुया."

फोटो दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरचा तीन महिन्यांचा क्लास मी माहेरी केला होता. तो टॉवेल मीच काढला आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले. अण्णांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकासाठी लिहायला बसले, तर आधी आठवला तो टॉवेलच.

अण्णांनी उभी हयात अंधाऱ्या खोलीत फोटो धुण्यात घालवली. माउस त्यांच्या हाताला कधी बसला नाही, पण ते माझ्या मागे स्टूल टाकून बसत आणि बोट दाखवत, "हितं उजेड दे. तितं नको." आमच्या धंद्यात तेव्हा एक रीतच पडली होती. नवरी सावळी असली की तिला गोरी करायची, आणि तिच्याबरोबर अख्खे वऱ्हाड गोरे करायचे. अण्णांना हे मान्य नव्हते. एकदा एक विहीणबाई रागारागाने अल्बम दुसऱ्या स्टुडिओत घेऊन गेल्या. अण्णा शांतपणे म्हणाले, "जाऊ दे. फोटू वळखू आला पायजे." मला हा हट्टच वाटायचा, आणि तसे मी तोंडावर बोलूनही दाखवायची.

मग मुठा गावातले एक लग्न आले. एकाच मुहूर्तावर दोन लग्ने होती, म्हणून हे अण्णांनी माझ्यावर सोपवले. आदल्या दिवशी धरणाच्या चकाकत्या पाण्यापाशी फोटो काढताना मी कॅमेऱ्याचे उजेडाचे सेटिंग बरेच खाली आणले होते. ते तसेच राहिले. उन्हात त्या इवल्याशा पडद्यावर काही धड दिसतही नव्हते. स्टुडिओत येऊन पाहते तो काय, सगळे लग्न काळेकुट्ट! कन्यादानाच्या फोटोत तर नुसत्या टोप्या दिसत होत्या. अण्णा म्हणाले, "घाबरू नगं. सावकाश करू." पण आठवडाही गेला नाही आणि नवरीचे वडील हृदयविकाराने गेले.

दहावा झाल्यावर नवरी सुनीता आणि तिचे चुलते स्टुडिओत आले. तेराव्याला फ्रेम लावायची होती आणि घरात दादांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, एकही धड फोटो नव्हता. कन्यादानातला द्या, म्हणाले. अण्णांनी पडद्यावर तो काळा फोटो उघडला आणि हात जोडले. "कॅमेरा माझा, चूक माझी. दोन दिवस द्या." चुलते ताडताड बोलले. अण्णांनी सगळे ऐकून घेतले, माझे नावही काढले नाही.

सुनीता एवढेच म्हणाली, "लगीन मी माझ्या मनानं ठरवलं, म्हणून दादा माझ्याशी बोलत न्हवतं. कन्यादानात माझी मान खाली. त्यांनी माझ्याकडं बघितलं का, तेवढं मला बघायचंय."

मी अंधारे भाग हळूहळू उजळत नेले. आधी कपाळ, मग मिशा. "आले, आले!" मी ओरडलेच. जीव भांड्यात पडला हो! आणि त्या आनंदात मी उजळतच गेले. दादा दुधासारखे झाले.

"आगं पोरी," अण्णा म्हणाले, "ह्या माणसानं जलमभर भातखाचरात ऊन खाल्लं. तू त्याला चहा उकळायच्या आत गोरा केलास?"

अण्णा प्रिंट घेऊन स्कूटरवरून मुठ्याला गेले आणि अंगणात चुलत्यांच्या गालाशी फोटो धरून पाहिला. सख्खे भाऊ, रंग एकच. परत येऊन म्हणाले, "लई पांढरा. उतरव." मी उतरवला, ते पुन्हा गेले. या खेपेला चुलत्यांनी त्यांना चहा दिला म्हणे, पण रंग अजून जुळत नव्हता. तिसऱ्या खेपेला जुळला.

सुनीता आणि चुलते न्यायला आले, तो फोटो सुनीताच्या हातात दिला तेव्हा मी भिंतीला टेकून उभी होते. दादांचे लक्ष हातावरच्या पाण्याच्या धारेकडे नव्हतेच. ते तिच्याकडे पाहत होते. आणि त्या रापलेल्या गालावरून मिशीपर्यंत एक ओली रेघ उतरली होती. मूळ काळ्या फोटोत ती दिसत नव्हती, आणि मी गोऱ्या केलेल्या फोटोत पुसूनच गेली होती.

"रडत व्हतं दादा," सुनीता म्हणाली. "रागावलं न्हवतं." ती एकदम रडायला लागली, आणि रडता रडता हसलीही. मलाही रडू आवरेना. शेवटी मी चुलत्यांना सांगून टाकले, "काका, चूक अण्णांची नव्हती. माझी होती."

"ठावं हाय की," ते म्हणाले. "लग्नात कॅमेरा तुमच्याच हातात व्हता न्हवं?"

इतके हलके मला त्याआधी कधी वाटले नव्हते. अण्णा मात्र स्टुलावर बसून पुढचा फोटो उघडायला सांगत होते.

या अंकात छापलेला अण्णांचा फोटो मीच दुरुस्त केला आहे. खिडकीपाशी काढल्यामुळे चेहरा काळवंडून आला होता. लागेल तेवढाच उजेड दिला. संपादकांनी "जरा गोरा करा की" म्हणून सुचवले, मी ऐकले नाही. अण्णा, तुमची नजर अशीच तिखट राहो, गुडघे कुरकुर न करोत आणि शंभरीचा फोटोही माझ्याच हातून दुरुस्त होवो. आता तेवढे मागे स्टूल टाकून बसा आणि सांगा, वळखू येतंय का?