चारशे बारा नंबरचं घर

घरपट्टीच्या कामाला लागलं की किस्से शोधावे लागत नाहीत. बिलं वाटत चार घरं फिरलं की चहाबरोबर एखादा पदरात पडतोच! पेडगावच्या अलीकडं आमचं गाव. तिथल्या ग्रामपंचायतीत मी क्लार्क आणि जोडीला शिपाई सलीममामू. गावातल्या प्रत्येकाला आपलं घर माझ्या वहीत जमेल तितकं लहान दिसायला हवं असतं. अपवाद एकच, सरूबाई. आणि नेमकं तिचंच घर माझ्या हातून वहीतून गळालं! ते सांगतोच, पण आधी बाकीच्यांचं ऐका.

*

मातीच्या माळवदाला पट्टी कमी, स्लॅबला जास्त. मोजणीच्या दिवशी दत्तराव दारातच आडवे.

"माळवद लिवा. आमचे आजोबा ह्याच माळवदाखाली गेले."

"आणि वर?"

"वर काय, हवा!"

मामूंनी अंगणातल्या जिन्याकडं बोट केलं. "हवेकू जिना लगता क्या, दत्तराव?"

तेवढ्यात वरून वहिनींचा आवाज आला, "अवं, साहेबांला चहा वरीच देऊ का खाली आणू?"

मग दत्तरावांनीच आम्हाला वर नेलं. फरशी नवीकोरी होती. चहाही चांगला होता.

*

घरपट्टीबरोबर दिवाबत्तीचेही पैसे लागतात. शांताआत्यांनी बिल माझ्याकडून वाचून घेतलं आणि परत माझ्याच हातात दिलं.

"दारात खांब हाय, उजेड न्हाई. उजेडाचे पैसे उजेड पडल्यावर!"

मामूंनी दुसऱ्याच दिवशी बल्ब लावून घेतला. तिसऱ्या दिवशी आत्या पैसे घेऊन हजर, आणि वर नवी तक्रार. "लय उजेड झालाय, बाबा. पडल्या पडल्या डास बी मोजता यायलेत!"

*

घर नवरा-बायको दोघांच्या नावावर लावायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांत आधी सत्तरीचे मारोतराव आले.

"बायकोचं नाव?"

मारोतराव चक्क लाजले. "आमच्यात घेत न्हाईत."

"अहो, लग्नात उखाण्यात तरी घेतलं असेल की!"

"तवा घेतलं व्हतं. एकदाच."

शेवटी त्यांच्या घरी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडून आजी म्हणाल्या, "माझं नाव कशाला पायजे?"

"घर तुज्या बी नावावर करायलोय."

पलीकडं हातातलं भांडं खाली ठेवल्याचं ऐकू आलं. मग आवाज आला, "राधाबाई लिवा. आन येताना भाजी आणा."

मारोतरावांनी त्या दिवशी दोन पिशव्या भरून भाजी नेली.

*

आता सरूबाई. दिवाळी झाली की ती आणि तिचा नवरा मेंढरं घेऊन गोदावरीच्या बाजूला जातात, ते पावसाच्या तोंडावरच परततात. निम्मं आयुष्य पालात गेलं. पन्नाशीला दोन पत्र्याच्या खोल्या झाल्या. नवी आकारणी झाली तेव्हा दोघं मेंढरांमागं होते. परतल्यावर बघते तर सगळ्या गावाला बिलं, तिला नाही! डोळ्यांत पाणी घेऊन ऑफिसात आली.

"आमची पट्टी का आली न्हाई?"

"नाही आली तर बरंच की, सरूबाई!"

"बरं कसं? पट्टी न्हाई मंजी कागदात घर न्हाई. उद्या कुणी म्हणलं ही जागा मोकळी हाय, तर आमी कुटं जावं? परत पालात?"

मला माझीच लाज वाटली. वही काढली. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: कुलूपबंद, नंबर नाही, गोठा असावा.

"दारावरची नंबराची पाटी कुठंय?"

तिनं पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली पाटी काढली. चारशे बारा. "इतके म्हैने घर सोडून ऱ्हायचं मंजी जीव रमत न्हाई. मनून नंबर संगं न्हेला व्हता."

त्याच दुपारी टेप घेऊन गेलो. बाकीचे लोक टेप आत ढकलतात. हिनं टोक धरून बाहेर ओढला.

"आजून वढा, साहेब. वटा बी घ्या. लय वर्सं उघड्यावर काढली."

तिच्या समाधानासाठी ओटा मोजला, पट्टी वाढू नये म्हणून वहीत मात्र लिहिला नाही. मामूंनी भिंतीवर ऑइलपेंटनं नंबर घातला. "अब कैसा लेके जाते?"

दिवाळीनंतर निघायच्या आदल्या दिवशी ती पुन्हा ऑफिसात आली आणि डावा हात पुढं केला. जुन्या हिरव्या गोंदणाखाली ताजे, सुजलेले आकडे होते. चारशे बारा.

"भिंतीवरचा हितं ऱ्हाऊ द्या. ह्यो माझ्यासंगं."

मी वहीतला नंबर त्या आकड्यांशी ताडून पाहिला. बरोबर होता.

*

यंदा गावातल्या घरांना नवे नंबर आले. तपासणीला आलेल्या साहेबांचं बोट यादीवर एका जागी थांबलं.

"एकशे नऊ, चारशे बारा, एकशे अकरा? हा एक जुनाच राहिला की! बदला."

"साहेब, बाकीचे सगळे बदलले. तेवढा बदलता येत नाही."

"का?"

मी मामूंकडं पाहिलं. मामूंनी चहाचा कप साहेबांपुढं सरकवला.

"वो धुलताच नई, साब."